जिवंत पायवाट

दुपारी छत्री घेऊन बाहेर पडलेली आई पुन्हा दारात येऊन उभी राहिली, तेव्हा नमुने पायांतले मोजे काढत होता. आई बहिणीकडे निघाली की तिन्हीसांजेच्या आत परतत नसे, त्यामुळे एक मोजा तसाच हातात धरून तो उठला.

"कुलूप आहे," आई म्हणाली.

"कुठे?"

"कुलूप कुठे असतं? फाटकाला."

नमुने हे त्याचं आडनाव नव्हे. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता आणि गावभरच्या नळांच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून आणायचा, म्हणून सोसायटीत त्याला नमुने म्हणत. निदान त्याने स्वतःची तशी समजूत करून घेतली होती.

फाटक म्हणजे सोसायटीच्या मागच्या कुंपणातलं, एका वेळी एकाच माणसाला आत घेणारं लोखंडी दार. समोरच्या रस्त्यावरून एक पायवाट सोसायटीत शिरायची, नमुनेच्या तळमजल्यावरच्या गॅलरीला जवळजवळ घासून जायची आणि या फाटकातून मागच्या बैठ्या घरांकडे निघायची. फाटकाला लागून पहिलंच घर मावशीचं, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीचं. आई रोज दुपारी तिच्याकडे भांडायला जायची. लहानपणी घरातलं मांजर नक्की कोणामुळे निघून गेलं, हा त्यांचा मुख्य विषय. मांजर जाऊन उभं आयुष्य लोटलं होतं, पण निकाल लागला नव्हता.

"फोन कर ना मग," नमुने म्हणाला.

"फोनवर तिला ऐकू येत नाही. आणि ऐकू आलं तर ठेवून देते. समोर बसलं की पळायला वाव नसतो."

"पुढच्या रस्त्याने गेलं तर?"

आईने गुडघ्यांकडे बोट दाखवलं. त्या गुडघ्यांना पायवाट जेमतेम मंजूर होती. पुढच्या रस्त्याने पेट्रोल पंपाला वळसा घालून, पूल चढून, पूल उतरून जाणं त्यांनी साफ फेटाळलं होतं. एवढ्याशा अंतराला रिक्षा येत नसे, आणि आली तरी आईच्या मते रिक्षात चढणं हे पूल चढण्याहून अवघड होतं. मावशीचं म्हणाल तर ती अंगणापलीकडे पाऊलच टाकत नसे.

नमुनेच्या बायकोने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली. "आई, तुम्ही फाटकाच्या अलीकडे बसा, मावशींना पलीकडे बसू दे. गजांमधून बोला."

"मी काय तुरुंगात आहे, ती भेटायला यायला?" आई म्हणाली. छत्री कोपऱ्यात ठेवून ती गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसली आणि बंद फाटकाकडे बघत राहिली. संध्याकाळपर्यंत ती उठली नाही. जेवताना तिने भाजीला नावंही ठेवली नाहीत, तेव्हा मात्र नमुने घाबरला.

मागायची काय, तर एक किल्ली. हे काम चहाच्या एका कपात होईल असा त्याचा अंदाज होता. एरवी त्याचे अंदाज बरोबर येत, कारण तो अंदाज पाण्याबद्दल करत असे.

चेअरमन निवृत्त झाल्यापासून सोसायटीला शिस्त लावण्याचं काम करत होते. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली, किल्ली दिली नाही.

"आईंना द्यायला माझी काहीच हरकत नाही हो. पण आईंना दिली की तिसऱ्या मजल्यावरच्यांना द्यायला हवी. मग सगळ्यांना. सगळ्यांकडे किल्ली असली तर कुलूप कशाला?"

"मीही तेच म्हणतोय. कुलूप कशाला?"

"कुलूप शिस्तीसाठी आहे," चेअरमन म्हणाले. "अहो, परकी माणसं येतात जातात. परवा एकजण माझ्या देखत शीळ घालत गेला."

"चोर शीळ घालत जात नाहीत पण."

"म्हणजे तुम्हाला चोरांची बरीच माहिती आहे."

नमुने रिकाम्या हाताने घरी आला. या संभाषणात आपला नक्की कुठे पराभव झाला, याचा त्याने जिन्यात उभं राहून विचार केला. तळमजल्यावर राहणाऱ्याने जिन्यात उभं राहणं संशयास्पद आहे असं वरून उतरणाऱ्या बाईंच्या नजरेने सांगितलं, तेव्हा तो निघाला.

प्रश्न सभेपुढे गेला. सभा पार्किंगमध्ये भरली, कारण पार्किंग सगळ्यांचं होतं आणि म्हणून तिथे कोणीच कोणाला ऊठ म्हणू शकत नव्हतं. पायवाट खुली असावी की बंद, एवढाच विषय होता. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, की येणारेजाणारे मान वर करून वाळत घातलेले कपडे बघतात. कोणीतरी म्हणालं, तुमचे कपडे बघायला कोण येतंय. त्यावर काकूंचे यजमान उभे राहिले. एका गृहस्थांनी आज माणसं येतात, उद्या सायकली येतील, परवा म्हशी येतील, असा क्रम मांडला आणि तुम्ही म्हशी कधी पाहिल्यात का असं विचारताच, नाही, म्हणूनच भीती वाटते, असं प्रामाणिकपणे सांगितलं. लिफ्ट बंद पडते त्याचं काय, हा प्रश्न दर सभेत निघतो तसा याही सभेत निघाला.

नमुने आयुष्यात प्रथमच सभेत बोलायला उभा राहिला. त्याने मनातल्या मनात चांगली तयारी केली होती. "एखादी गोष्ट बंद करण्यापूर्वी तिचा वापर मोजायला हवा," अशी त्याने सुरुवात केली. "एका दिवसाच्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही. प्रातिनिधिक नमुना..."

"उभा आहे की समोर!" मागून कोणीतरी म्हणालं. चेअरमनसुद्धा हसले. नमुने बसला तो सभा संपेपर्यंत उठला नाही. शेवटी कुलूप कायम राहिलं, आणि फाटकाला रंग कोणता द्यावा याचा अभ्यास करायला एक उपसमिती नेमण्यात आली. तिच्या अध्यक्षपदी सर्वानुमते नमुने.

"हिरवा दे," आई म्हणाली. "निदान बघायला बरा."

ते ऐकून त्याला जे वाटलं ते त्याने कोणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांकडे गेला. वकिलांकडे पक्षकार फारसे येत नसत, त्यामुळे आलेल्याला ते लवकर सोडत नसत.

"वहिवाट!" वकील टाळी वाजवून म्हणाले. "लोक वर्षानुवर्षं चालत असतील तर ती वाट लोकांची. चेअरमनचा बाप आला तरी कुलूप लावू शकत नाही. नमुने, तुम्ही फक्त अर्ज करा."

अर्ज रस्ते विभागात करावा असं नमुनेला वाटलं. रस्ते विभागातल्या बाईंनी तो उलटसुलट वाचून विचारलं, "यावर गवत उगवतं का?" नमुने खोटं बोलत नसे. तो म्हणाला, कडेने उगवतं. बाई म्हणाल्या, गवत उगवतं तो रस्ता नव्हे, उद्यान विभागात जा. उद्यान विभागातल्या गृहस्थांनी विचारलं, बाक आहे का? नाही. मग ते उद्यान कसं? नमुने पुन्हा रस्ते विभागात गेला आणि गवत आता उपटलं आहे असं म्हणाला. ते त्याने सकाळी खरोखरच उपटलं होतं. तळहाताला फोड आले होते, तेही त्याने दाखवले. बाईंना दया आली असावी. त्यांनी त्याला जिन्याखालच्या एका खोलीत पाठवलं. तिथे पाहणी करणारे साहेब बसत.

पाहणीसाहेब हा शांत माणूस होता. त्याच्या टेबलावर काहीच नव्हतं, त्यामुळे नमुनेला त्याच्याबद्दल आदर वाटला.

"पायवाट जिवंत आहे का?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"लोक चालतात का?"

"चालायचे. आता कुलूप आहे."

"मग जिवंत नाही."

"कुलूप काढलं तर चालतील."

"चालत असतील तर कुलूप काढता येईल," साहेब म्हणाले. मग स्वतःच्याच वाक्याचा त्यांना थोडा विचार पडला. "असं करू. पाहणीच्या दिवशी फाटक उघडं ठेवायला सांगतो. मी येऊन उभा राहतो. वापर दिसला तर वाट लोकांची. नाही दिसला तर ती मोकळी जागा, सोसायटीने हवं ते करावं."

नमुने घरी आला तो जवळजवळ उड्या मारत. आईने छत्री झटकून दाराजवळ आणून ठेवली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. माणसांना त्यांच्या मनाप्रमाणे चालू द्यायचं, एवढंच उरलं होतं. प्रयोगशाळेत नमुने नव्या पोरांना एकच गोष्ट बजावायचा, की बाटली नळाखाली धरण्यापूर्वी आपला हात आत बुडवायचा नाही. मग जे येईल ते पाणी नळाचं, नाहीतर ते आपल्या हाताचं. पण वकील म्हणाले, "आणि त्या दिवशी कोणी चाललंच नाही तर?" नमुनेने रात्रभर तळमळून सकाळी हात आत बुडवला.

तो म्हणाला, चार ओळखीच्यांना सांगून ठेवू.

बायकोने तिच्या ओळखीच्यांना सांगितलं. तिच्या ओळखी नमुनेपेक्षा पुष्कळच जास्त होत्या. आईने मावशीला फोन केला. मावशीला अर्धंच ऐकू आलं, पण त्यावर तिने बैठ्या घरांची अख्खी गल्ली उठवली. वकील म्हणाले, साक्षीदार पढवावा लागतो, नाहीतर तो ऐन वेळी घोटाळा करतो. त्यांनी गच्चीवर तालीम घेतली. सहज चालायचं. साहेबांकडे बघायचं नाही. हातात काहीतरी ठेवायचं, रिकाम्या हाताचा माणूस उगाच फिरतोय असं वाटतं.

"मी काय धरू?" तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं.

"पिशवी धरा."

"पिशवीत काय ठेवू?"

"काहीही ठेवा हो आजोबा, साहेब काय पिशवी उघडणार आहेत?"

"रिकामी असली की कळतं," आजोबा म्हणाले. बरीच वर्षं त्यांना कोणी काही काम सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते मनापासून करत होते.

पाहणीच्या दिवशी सकाळी फाटक उघडलं. साहेब नमुनेच्या गॅलरीजवळ येऊन उभे राहिले. पहिल्यांदा एक बाई पिशवी घेऊन गेल्या. मग दोन मुली पुस्तकं घेऊन गेल्या. अगदी सहज. नमुनेला वाटलं, आता एवढ्यावर थांबावं. नळ बंद करता आला असता तर त्याने केला असता.

मग गल्ली आली. मावशीच्या गल्लीतली झाडून सगळी माणसं, लहान मुलं कडेवर घेऊन, ठेवणीतले कपडे घालून आली. समोरून सोसायटीतली आपल्या बाजूची माणसं निघाली. पायवाट एका माणसापुरती, त्यामुळे जो तो भिंतीला पाठ लावून दुसऱ्याला वाट देऊ लागला. पोचलेली माणसं, आपण थांबलो तर वापर कमी दिसेल, म्हणून पुढे जाऊन तशीच मागे वळत होती. आजोबा पिशवी घेऊन पुन्हापुन्हा येत होते. पिशवीत त्यांनी विटा भरल्या होत्या. घामाघूम झाले होते, पण सहजपणा सोडत नव्हते. आणि नेमक्या याच सकाळी गल्लीतल्या एका बिऱ्हाडाने विचार केला, की फाटक उघडं आहे तोवर आपलं आरशाचं कपाट या बाजूने हलवून घ्यावं.

कपाट नमुनेच्या गॅलरीपाशी आलं आणि अडकलं. एका बाजूला गॅलरीचा कठडा, दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये कपाट, आणि कपाट आणि गॅलरी यांच्या बेचक्यात पाहणीसाहेब. मागून माणसं येतच होती. "सरका ना!" "कुठे सरकू, आरशात?" "अहो, तिरकं करा, तिरकं!" असा गलका उठला. साहेबांना आरशात स्वतःशिवाय काही दिसत नव्हतं.

आवाज ऐकून चेअरमन संतापाने खाली आले आणि गर्दीत घुसले. घुसल्यावर त्यांनाही बाहेर पडता येईना.

"आपण या वाटेने येता का?" कपाटामागून साहेबांचा शांत आवाज आला.

"येतो म्हणजे? रोज येतो! सकाळ संध्याकाळ येतो! कुलूप जागेवर आहे की नाही बघायला!"

"रोज येतात," साहेब पुटपुटले.

नमुने घरात धावला. आई अंगभर पदर घेऊन, छत्री मांडीवर ठेवून बसली होती.

"अगं, चल ना! फाटक उघडं आहे!"

"एवढ्या गर्दीत?" आई म्हणाली. "कोणाचा धक्का लागला तर कमरेचं हाड मोडेल. नंतर जाईन. आता काय, रोजच उघडं राहणार."

गर्दी ओसरेपर्यंत फाटकाला पुन्हा कुलूप लागलं होतं. निकाल आठवड्याभरात लागला. पायवाट लोकांची ठरली. वकिलांनी पेढे मागितले. नमुनेने आईला नमस्कार केला. आयुष्यात एकदा तरी आपण काहीतरी जिंकलो, या भावनेने तो गॅलरीत उभा होता, तेवढ्यात फीत घेतलेला एक माणूस आला. त्याने भिंतीपासून मोजायला सुरुवात केली, गॅलरीचा कठडा ओलांडून आत आला, आईच्या खुर्चीपाशी थांबला, "आजी, जरा पाय," म्हणाला आणि खुर्चीमागच्या भिंतीवर लाल रंगाची फुली मारली.

"हे काय?" नमुनेने विचारलं.

"रुंदीकरण. एवढी वर्दळ, आणि वाट बोटभर. साहेब स्वतः अडकले होते ना. फुलीपर्यंतचं जाणार."

नमुने तसाच, चपला उलटसुलट घालून, जिन्याखालच्या खोलीत गेला.

"साहेब, ती वर्दळ रोजची नव्हती!"

साहेबांनी शांतपणे वर बघितलं. "म्हणजे खोटी होती?"

नमुनेने तोंड उघडलं. खोटी म्हणावं तर वाट गेली आणि आईचं जाणं संपलं. खरी म्हणावं तर गॅलरी गेली. हजारो बाटल्या त्याने आयुष्यात भरल्या होत्या, एकीतही कधी भेसळ केली नव्हती. केली ती एकदाच, आणि ती इतकी उत्तम उतरली होती की आता ती भेसळ आहे हेही सिद्ध करता येत नव्हतं.

"खरी होती," तो म्हणाला.

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "आणि हो, काम होईपर्यंत सुरक्षिततेसाठी वाट बंद राहील."

"कधीपर्यंत?"

साहेबांनी टेबलाकडे बघितलं. टेबलावर अजूनही काहीच नव्हतं. नमुनेला आता त्याबद्दल आदर वाटला नाही.

फाटक उपटून तिथे पत्रे ठोकले. माणसाच्या डोक्याहून उंच, फट नाही, भोक नाही. चेअरमननी नमुनेला वाटेत गाठून हात हातात घेतला. "मला इतकं पक्कं जमलं नसतं हो," ते म्हणाले. कपाटाचे मालक गर्दीत फुटलेल्या आरशाची भरपाई मागायला येऊन गेले. आजोबा मात्र खूश होते. पुढची पाहणी कधी, असं ते भेटेल तेव्हा विचारत.

गजांमधून निदान तोंड दिसलं असतं. हा विचार नमुनेच्या मनात रोज दुपारी यायचा. तो त्याने आईपुढे बोलून दाखवला नाही, आणि आईनेही दाखवला नाही, म्हणजे तिच्याही मनात तो होताच.

एके दिवशी आईने छत्री उचलली आणि म्हणाली, "स्टूल घे."

नमुनेने स्टूल पत्र्याजवळ नेऊन ठेवलं. आई बसली आणि छत्रीच्या टोकाने पत्र्यावर जोरात ठोकलं. पलीकडे मावशीच्या अंगणात काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

"मी आहे गं!" आई ओरडली.

"कोण?"

"मी! पत्रा लावलाय!"

"कोणी?"

"माझ्या मुलाने!"

"ते कळलंच!" पलीकडून आवाज आला.

वरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. पत्र्यामुळे आवाज असा घुमत होता, की नमुनेच्या लहानपणीच्या काही गोष्टी त्या दुपारी चौथ्या मजल्यापर्यंत पोचल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. मग आईचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी, बरं झालं बाई, असं म्हटल्याचं नमुनेच्या कानावर आलं. हे भांडण आता पत्र्यामुळेच संपणार, आणि ते आपण संपवलं, असं धरून तो चालला.

पण दुपारी आईने पुन्हा स्टुलाकडे बोट दाखवलं.

ती पत्र्यापाशी बसली. छत्रीच्या टोकाने तिने हलकेच ठोकलं, थांबली, पुन्हा ठोकलं. मावशीला एवढं हलकं ऐकू येत नसे, पण पलीकडे तिने पत्र्यावर तळहात ठेवला असावा, कारण पत्रा जरासा हलला. मग पलीकडून ठोका आला. आईने कपाळाला आठी घातली आणि चांगलंच जोरात उत्तर दिलं. पलीकडून त्याहून जोरात आलं. असं ऊन उतरेपर्यंत चाललं. नमुने गॅलरीत फुलीखाली उभा राहून बघत होता.

सावल्या लांबल्यावर आई उठली. नमुनेने स्टूल उचललं आणि तिच्या मागोमाग चालू लागला.

"काय म्हणाली मावशी?" त्याने विचारलं.

आई थांबली. बोलायला मनाई होती, तरी बसलेल्या घशाने ती खरखरत म्हणाली, "मांजराचंच काढलं आज. कबूल करत नाही अजून."